लहान मुलांसाठी देवाधर्माची चित्रपुस्तकं: त्यात आपली कोकणातली घरं कुठे आहेत?

केवडा_दापोली
नमस्कार मंडळी,
आमच्या ग्रंथालयात रविवारी सकाळी लहान मुलांचा वाचनकट्टा भरतो. चार ते नऊ वर्षांची मुलं येतात. काही आमच्या वाडीतली, काही बौद्धवाडीतली, काही खाली बंदराकडच्या मोहल्ल्यातली. प्राणी, झाडं, पाऊस, आजीआजोबा अशा विषयांवरची पुस्तकं बऱ्यापैकी जमली आहेत. देवाधर्माच्या पुस्तकांपाशी मात्र गाडी अडते.

मराठीत मला मिळाली ती दोन तऱ्हेची. एक म्हणजे पुराणातल्या आणि संतांच्या गोष्टी. त्या मुलांना आवडतात, मलाही आवडतात, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. दुसरी 'आपले सर्व धर्म' थाटाची. देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशी चार चित्रं, प्रत्येकासमोर ठरावीक कपड्यांतलं एकेक मूल आणि शेवटच्या पानावर सगळ्यांनी एकमेकांचे धरलेले हात. हेतू चांगलाच असतो. पण मुलं ते पुस्तक एकदा उलटतात आणि ठेवून देतात, कारण त्यात काही घडतच नाही. एका मुलाने त्यातल्या शेरवानीवाल्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कुठचा?" मी म्हटलं, मुसलमान आहे. तर म्हणाला, "माझे बाबा लुंगी नेसतात." त्याचे वडील हर्णैला बोटीवर खलाशी आहेत.

मला मनापासून वाटतं की लहान मुलाला धर्म कळतो तो घरात हाताने काय काय केलं जातं त्यातून. कोण पहाटे उठतं, काय भिजत घालतात, दारावर काय बांधतात, कुठल्या दिवशी काय खात नाहीत. शिकवण वगैरे पुढची गोष्ट. ही सगळी घरं आपल्या किनाऱ्यावर आहेत आणि पुस्तकात त्यातलं एकही नाही. म्हणून दोन गोष्टी विचारते. अशी पुस्तकं कुणाच्या पाहण्यात आहेत का? आणि नसतील, तर तुमच्या घरातलं कुठलं चित्र तुम्ही पुस्तकात घालाल?

तळकोकणी
केवडाताय, चित्रांचो विषय काढलंस म्हणून लिवतंय. आमच्या पिंगुळीक चित्रकथी आसत. चित्रां दाखवून देवाची गोष्ट सांगूची, ही आमची जुनी रीत.

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी पिढ्यानपिढ्या ही कला करतात. हाताने रंगवलेली चित्रं, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, आणि एका कथेची सगळी चित्रं एकत्र बांधलेली. त्या जुडग्याला पोथी म्हणतात. देवळात दिवा लावून बसायचं, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने गात गात एकेक चित्र पुढे धरायचं. रामायण-महाभारतातलेच प्रसंग, पण सांगण्यात इथली बोली आणि इथले तपशील. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आधार दिला होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

हे सांगण्याचं कारण असं की तिथे सगळी पोरं एका चित्राकडे बघतात आणि एक माणूस सांगतो. चित्रात लिहिलेलं काही नसतं. तुमच्या कट्ट्यावर दहा मुलांसमोर एक लहानसं पुस्तक धरण्यापेक्षा मोठाले सुटे कागद धरून बघा. प्रत्येक घराची एक पोथी. ज्याच्या घरची, त्याच्या आजीने सांगायची.

केवडा_दापोली
@तळकोकणी, दादा, सुट्या कागदांची कल्पना फार आवडली. छपाईचा खर्चही वाचेल.

भरतीओहोटी
माझं मत वेगळं आहे, मोकळेपणाने मांडतो. चार वर्षांच्या मुलाला धर्म दाखवायचाच कशाला? त्याला आधी खेकडे, शंख, भरती-ओहोटी कळू दे. मोठा झाला की वाचेल आणि ठरवेल. आम्ही घरी मुलीला काही सांगत नाही आणि तिचं काही अडलेलं नाही.

केवडा_दापोली
तुमच्या घरापुरता तो निर्णय तुमचा आहे आणि मला तो पटू शकतो. पण कट्ट्यावर येणाऱ्या मुलांना हे आधीच दिसतंय. शेजारची मुलगी रमजानात दुपारी डबा का उघडत नाही, हे शेजारचा मुलगा विचारणारच. त्याला उत्तर कोण देणार? मोठ्यांच्या मोबाईलवर फिरणाऱ्या गोष्टींतून मिळण्यापेक्षा ते चांगल्या चित्रातून मिळू दे.

तेलघाणी
मी मूळचा रेवदंड्याकडचा, आता ठाण्याला. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अशा पुस्तकांत आमचं पान बहुतेक नसतंच, आणि असलंच तर नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज असतं. ती आमच्या पूर्वजांची कथा आहे, मला प्रिय आहे. पण मुलांना वाटतं आम्ही अजून पाण्यातून वर येतोय.

मी दुसरं चित्र देतो. मलिद्याचं ताट. भिजवलेले पोहे, त्यात खवलेला ओला नारळ आणि साखर, वर वेलची, कडेने केळी, खजूर आणि इतर फळं. लग्नाआधी, नव्या घरात जाताना, नवस फेडताना आमच्याकडे मलिदा होतो. ताट मधे ठेवून सगळे बसतात, एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, गाणं होतं, बरकत म्हटली जाते आणि मग प्रत्येकाच्या हातावर मूठमूठ. अलिबागजवळ खंडाळ्याला एक कातळ आहे. तिथे एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी आमची श्रद्धा. लांबलांबून, इस्रायलहूनसुद्धा, माणसं तिथे येतात. लहान मुलं त्या खुणेवर हात फिरवतात. हे चित्र काढा.

आणखी एक. आमचे पूर्वज या किनाऱ्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणी बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. बैल चरतोय, घाणी थांबलेली आहे, घरात आदल्या दिवशीचं जेवण आहे. शब्बाथ म्हणजे काय हे सहा वर्षांच्या मुलाला यातून कळेल, त्याची व्याख्या सांगायला नको.

आणि जुना दाखला हवा असेल तर १८७४ साली पुण्यात छापलेला हगादा बघा. वल्हांडणाच्या, म्हणजे आमच्या एका सणाच्या, रात्री वाचायचं पुस्तक, हिब्रू आणि मराठीत. त्यातल्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या छापखान्यांना जे सुचलं ते आज का सुचू नये?

पेन्सिल_आणि_पाणी
@तेलघाणी, तो हगादा मी प्रतिकृतीत पाहिला आहे. त्या बायकांच्या बसण्यावरून, हातांवरून कळतं की काढणाऱ्याने हे घरात पाहिलेलं आहे.

मी रत्नागिरीत चित्रं काढतो, पाठ्यपुस्तकांसाठीही काढली आहेत. सर्वधर्म पुस्तकातली माणसं एकसाची का होतात ते सांगतो. चित्रकाराला मजकूर येतो, 'ईद साजरी करणारे कुटुंब' एवढाच. मुदत थोडी. तो नेटवर शोधतो, तिथे मिळतं ते लखनौचं नाहीतर दुबईचं. नाताळ शोधला की बर्फ मिळतो. कोकणातल्या घरी जाऊन बसायला त्याला कुणी पैसे देत नाही. दोष त्याच्या एकट्याचा नाही.

त्यामुळे करायचंच असेल तर चित्रकाराला आधी घरी बोलवा. वही घेऊन ओटीवर बसू द्या. चूल, पाट, भांडी, खुंट्या, देव्हाऱ्यावरचा बल्ब, सगळं काढू द्या, आणि झालेलं चित्र छापण्याआधी त्याच घरात परत दाखवा. हे मी फुकट करायला तयार आहे, राजापूरपासून दापोलीपर्यंत कुठेही.

बाणकोटची_बाई
मी प्राथमिक शाळेत शिकवते. कोकणी मुसलमान आहे, घरी आमची कोकणी बोलते. बऱ्याच गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली चित्रांची. पैगंबरांचं चित्र काढायचं नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांच्या आसपासच्या माणसांचीही काढू नका. काही घरांत धर्माच्या पुस्तकात माणसाचे चेहरेच नको वाटतात. त्यावर तोडगा निघतो. पाठमोरी माणसं, हात, वझूचं (नमाजाआधी हातपाय धुण्याचं) पाणी, चटई, चपलांची रांग. मुलांना यातून पुरेसं कळतं.

दुसरी, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. 'मुसलमान दर्ग्यात जातात' असं वाक्य लिहू नका. आमच्यातली किती तरी कुटुंबं दर्ग्यात जात नाहीत, त्यांना ते मान्य नाही. माझ्या सासरी जात नाहीत, माझी आई जाते. केळशीच्या याकूब बाबांवर तिची श्रद्धा आहे. तेव्हा लिहायचं, 'माझी नानी उरुसाला जाते.' हे खरं आहे आणि यात कुणावर काही लादलं जात नाही. सगळ्या धर्मांच्या पानांना हेच लावा. 'हिंदू अमुक करतात' असं म्हटलं की पहिल्याच वाडीत ते खोटं ठरतं.

तिसरी, रमजान म्हणजे चांद आणि शिरखुर्मा एवढंच नसतं. रोजे दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात. कधी पावसात, बोटी ओढून ठेवलेल्या असताना. कधी ऐन मासेमारीत. समुद्रात रोजा धरणाऱ्या बापाचं पुस्तक कुणी केलं तर माझ्या वर्गातली अर्धी पोरं ते सोडणार नाहीत.

केवडा_दापोली
बाई, 'माझी नानी जाते' हे मी लिहूनच ठेवलं. पुस्तकातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी तोंडचं असावं, धर्माच्या वतीने एकही नसावं. आपल्या कामाचा पहिला नियम हाच ठरवू या.

गुहागरची_आजी
मी वाचत होते, आता लिहिते. माझं म्हणणं कुणाला जुनाट वाटेल. आमच्या नातवंडांना स्वतःचेच देव ठाऊक नाहीत, आणि तुम्ही दुसऱ्यांचे दाखवायला निघालात. आधी आपलं नको का?

आणि आपलं म्हणजे तरी काय दाखवतात? गणपती आणि दिवाळी. आमची ग्रामदेवता कुठे आहे? शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते, मग घरोघर येते, बायका ओट्या भरतात, तरणी पोरं खांद्यावर घेऊन नाचवतात. मुंबईकर नोकरीवर पाणी सोडून येतात त्यासाठी. गुरव गाऱ्हाणं घालतो, त्यात घरातल्या आजाऱ्याचं, परदेशी गेलेल्याचं, व्यालेल्या गाईचं सगळ्यांचं नाव येतं. देवराईत कोयता न्यायचा नाही, हे मुलाला कोण सांगणार? गौरी येतात तेव्हा दारापासून काढलेली पावलं, तेरड्याची गौर. एकाही पुस्तकात मला हे दिसलं नाही.

नव्याच्या पौर्णिमेला दारावर नवं बांधतो. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचं फूल. माझ्या सुनेला ते गुगलवर सापडलं नाही. ते छापा.

केवडा_दापोली
आजी, मला तुमचं पटतं. आपलं आणि दुसऱ्याचं यात भांडण होईल असं मला वाटत नाही, कारण दोन्ही बाजूंची खरीखुरी घरं पुस्तकाबाहेरच राहिली आहेत. तुमच्या नातवंडांना तेरड्याची गौर दिसत नाही, आणि बंदरावरच्या पोराला त्याचा बाप. पालखीचं तुम्हीच सांगा, मी उतरवून घेते.

मंडणगड_ते_मुलुंड
जय भीम. बौद्ध कुटुंबाबद्दल दोन शब्द लिहितो.

सर्वधर्म पुस्तकांत आमच्या पानावर काय असतं? राजपुत्र, घोडा, बोधिवृक्ष. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, आजचं माणूस एकही नाही. आमच्या घरातल्या मुलाला मात्र भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी दिसतात. संध्याकाळी मेणबत्ती लावून त्रिसरण-पंचशील म्हणतात. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, आणि पावसात छत्र्या घेऊन म्हाताऱ्या बायका ऐकायला येतात. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्या मंडणगड तालुक्यात आहे. मुंबईहून मे महिन्यात गावी आलेलं पोर आजोबांच्या हाताला धरून तिथे जातं. चित्र काढायचं तर हे काढा.

आता अवघड गोष्ट. 'सगळे धर्म प्रेम शिकवतात' हे वाक्य असलेलं पुस्तक माझ्या मुलाला मी वाचून दाखवत नाही. याच कोकणात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्याचं पाणी प्यायला हजारो माणसं घेऊन जावं लागलं. तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. तरी मारहाण झाली, आणि नंतर तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं, तेही धर्माच्या नावाने. आम्ही बौद्ध का झालो हे यातून कळतं. हे वगळून आमचं पान होत नाही.

भरतीओहोटी
हेच मला म्हणायचं होतं, फक्त मला नीट सांगता आलं नाही. धर्माचं गोड गोड चित्र द्यायचं असेल तर माझा विरोध राहील. हेही येणार असेल तर मी कामाला येतो.

गुहागरची_आजी
@मंडणगड_ते_मुलुंड, बाळा, हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण पाच वर्षांच्या पोराला मारहाण दाखवू नका रे. रात्री झोपायचं नाही ते.

मंडणगड_ते_मुलुंड
आजी, मारहाण दाखवायची गरज नाही. माझ्या मुलीला सांगितलं ते असं: "पाणी सगळ्यांचं होतं. पण सगळ्यांना पिऊ देत नव्हते. मग एक दिवस सगळे मिळून गेले आणि प्यायले." चित्रात ओंजळ आणि पाणी, मागे दूरवर माणसांची रांग. तिने पुढे विचारलं, "कोण पिऊ देत नव्हतं?" तेव्हा तेही सांगितलं. सहा वर्षांची होती. मुलांना अन्याय लगेच कळतो. पाण्यावरून रांगेत रोज भांडणं होतात शाळेत.

घोलवडची_वाट
उत्तर कोकणाला विसरू नका. डहाणू, तलासरीकडची वारली चित्रं हल्ली मुलांच्या प्रत्येक पुस्तकाच्या कडेला नक्षी म्हणून असतात. पण लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, चौकात पालघट देवी असते, आणि चौकाशिवाय लग्न होत नाही, हे त्या पुस्तकात नसतं. म्हणजे आदिवासींचा धर्म समासात आणि बाकीच्यांचा पानावर! मला याचा फार राग येतो. त्या चौकाला अख्खं पान द्या.

आमच्याकडे पारशी-इराणी वाड्याही आहेत, चिकूच्या. बहरोटच्या डोंगरातल्या गुहेत त्यांच्या पूर्वजांनी पवित्र अग्नी बारा वर्षं जपला, असं ते सांगतात. पण अग्यारीत, म्हणजे त्यांच्या अग्निमंदिरात, बाकीच्यांना प्रवेश नसतो. तेव्हा अग्यारीचं आतलं चित्र काढू नका. दरवाजा काढा, बाहेर उभं असलेलं मूल काढा, आणि 'इथे मी आत जात नाही' असं लिहा. सगळीकडे आत जायला मिळालंच पाहिजे असं नसतं, हेही मुलांना शिकू दे.

खुरीस_आळी
वेंगुर्ल्याहून. नाताळच्या बर्फाबद्दल वर लिहिलंय त्याला दुजोरा. आमच्या गोठ्याभोवतीचं गवत खरं असतं. नाताळच्या काही दिवस आधी करवंटीत माती घालून नाचणी पेरायची, पाणी मारत राहायचं, अंकुर बोटभर झाले की बाळ येशूच्या गोठ्याभोवती करवंट्या मांडायच्या. हे काम आमच्याकडे मुलांचंच. नेवऱ्यांना नक्षी घालायचंही. आळीतल्या खुरसापुढे (क्रूसापुढे) संध्याकाळी मेणबत्त्या लावून लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, होते, शेजारपाजारचे हिंदूही येऊन उभे राहतात आणि उकडलेले चणे घेऊन घरी जातात.

फादर स्टीफन्स यांनी येशूचं चरित्र मराठी ओवीत लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. चारशे वर्षं आम्ही या भाषेत प्रार्थना करतोय. मग चित्रातला आमचा मुलगा कोट-टाय घालून का उभा असतो?

तळकोकणी
उरुसाचा विषय आला म्हणून एक जोडतो. रत्नागिरीजवळ हातीसला पीर बाबरशेखचा उरूस माघी पौर्णिमेला भरतो, आणि तो भरवतात गावातले हिंदू. तिथला एखादा मुलगा 'आमचा पीर' म्हणतो. त्याला तुम्ही कुठल्या पानावर घालाल? एक धर्म, एक पान अशी रचना केली की ही पोरं सुटतात. घरांप्रमाणे केली तर सुटणार नाहीत.

पेन्सिल_आणि_पाणी
सहमत. आणि एक सावधगिरी. ही सगळी घरं एकाच काल्पनिक गावात कोंबायचा मोह होईल. तसं गाव किनाऱ्यावर नाही. बेने इस्रायली घरं रायगडात, तीही आता मोजकीच. वारली पाडे उत्तरेला. प्रत्येक पोथीवर त्या गावाचं खरं नाव असू दे.

तांत्रिक बाब: छापील पुस्तक केलं तर १६, २४ किंवा ३२ पानांचं करा, कागद वाया जात नाही. पानावर दोन-तीन ओळींहून जास्त मजकूर नको. आणि प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून नेटवर आहे. खुल्या परवान्यावर मराठी पुस्तकं तिथे वाचता येतात, उतरवून छापताही येतात. आपल्या पोथ्या तयार झाल्या की तिथेही चढवता येतील.

केवडा_दापोली
सगळ्यांचं वाचून पहिली पोथी लिहायला घेतली. बाईंनी सुचवलेली, समुद्रातल्या रोजाची. मोहल्ल्यातल्या दोन घरांत बसून, विचारून लिहिली आहे. कच्चा मजकूर देते, चुका काढा.

बाबा पहाटे उठतात. मी पण उठते. अम्मा मला परत झोपवते.
अम्मा डबा बांधते. हा डबा आज संध्याकाळी उघडायचा.
बोट निघते. नामाकाका तांडेल आहेत. ते दुपारी जेवतात, बाबा जाळं ओढतात.
मी घरी अर्धा रोजा धरते. दुपारी अम्मा म्हणते, झाला तुझा.
समुद्रात बांग ऐकू येत नाही. बाबा सूर्याकडे बघतात.
सूर्य पाण्याला टेकतो. बाबा खजूर तोंडात घालतात.
नामाकाका चहा ठेवतात, सगळ्यांना.

बाणकोटची_बाई
फार छान झालंय. 'अर्धा रोजा' वाचून मला माझं लहानपण आठवलं, आम्हालाही असंच समजवायचे. एक दुरुस्ती मात्र करावीच लागेल. सूर्य पाण्याला टेकल्यावर रोजा सोडत नाहीत, पूर्ण बुडाल्यावर सोडतात. शिवाय बोटीवर मोबाईलमध्ये वेळापत्रक असतं, रेंज नसली तरी आधी उतरवून घेतात. 'बाबा सूर्याकडे बघतात, मग घड्याळाकडे' असं करा.

पेन्सिल_आणि_पाणी
म्हणजे त्या पानावर सूर्य नसेल, फक्त पाण्यावरचा तांबडा उजेड आणि बोटीवरचा दिवा. चित्र म्हणून हे जास्त चांगलं होईल. मी या आठवड्यात हर्णैला येतो. लिलावाच्या वेळी बंदरावर थांबेन, मग दोन्ही घरी. चेहरे चालतील की पाठमोरं काढू, हे ताई, तुम्ही आधी विचारून ठेवा.

केवडा_दापोली
विचारते. त्यानंतर आजींची पालखी आणि मग मंडणगडची पाण्याची पोथी, या क्रमाने घेऊ. तेलघाणी काका, मलिद्याचं ताट काढायला चित्रकार तुमच्याकडे कधी पाठवू?

तेलघाणी
शनिवार सोडून कधीही. पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाआधीचा मलिदा अलिबागला आहे, तेव्हाच आले तर सगळं प्रत्यक्ष काढता येईल. जेवूनच जायचं म्हणावं.